झाकण लावायच्या आधी

क्लासवाल्या सरांनी आमच्या चाचांना फसवलं. पैशात नाही. पैसे त्यांनी त्याच दिवशी, एका शब्दाचीही घासाघीस न करता दिले, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. त्यांनी चाचांना नावात फसवलं. एका दुपारी मोबाइलवर चार ओळी लिहिल्या आणि चाचांचं सगळं नाव पुसून टाकलं. त्या चारही ओळी खोट्या होत्या. हे मी बीडच्या बाजारात कुणालाही तोंडावर सांगेन.

मी एसी आणि कूलर विकतो. सुरुवात चौसाळ्यात हायवेच्या कडेला केली, पत्र्याच्या शेडमध्ये, कूलरच्या बॉडी वेल्डिंग करत. आज बीडमध्ये दोन गाळे आहेत. कुणाची चिठ्ठी घेऊन कुठे गेलो नाही. बोलून, भांडून, भाव पाडून आणि भाव चढवून उभे केलेत. माझं डोकं लवकर तापतं हे गिऱ्हाइकांनाही माहीत आहे, तरी ती येतात.

चाचा मला चौसाळ्यालाच भेटले. जीपमधून चहाला उतरले होते. उंच, वाकलेले, पांढरी टोपी, खिशाला चार पेनं लावावीत तसे चार जुने टूथब्रश लावलेले. चहा सोडून ते माझ्या शेडमध्ये शिरले आणि मांडून ठेवलेल्या कूलरला त्यांनी नाक लावलं.

"शेठ, ह्याच्यात काय मेलंय का?"

"नवा माल आहे चाचा. हात लावायचा नाही."

"माल नवा हाय तर मागच्या पावसाळ्याचं गवत कावून घातलंय?"

गवत मागच्या वर्षीचंच होतं. भिजलेलं, पुन्हा वाळवलेलं. दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी होती. मी चाचांना शेडच्या बाहेर काढलं, आणि त्यांची जीप सुटायच्या आत स्वतःच मागे पळत जाऊन त्यांचा नंबर घेतला. असं नाक असलेला माणूस दुसऱ्या दुकानात गेला तर माझं काय होईल, एवढं कळण्याइतका मी शहाणा होतो.

आखातात समुद्राकाठच्या एका शहरात त्यांनी वीस वर्षं एकच काम केलं होतं: घरातल्या एसीतली बुरशी काढणं. तिथली हवा अशी की धुतलेला शर्ट दोन दिवस वाळत नाही, असं ते सांगायचे. तिथून माणसं सोनं आणतात, ब्लँकेट आणतात. चाचांनी एक पांढरी प्लॅस्टिकची बादली आणली. ती ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"पांढरीच कावून?" मी एकदा विचारलं.

"काळ्या बादलीत काळं पाणी दिसतं का बे?"

मला 'बे' म्हणणारा बीड जिल्ह्यात तेवढा एकच माणूस होता, आणि 'शेठ'ही तोच म्हणायचा, कधी कधी एका वाक्यात दोन्ही.

आमची घासाघीस मजुरीवरून कधी झाली नाही. वेळेवरून व्हायची. बाजारातली पोरं पाऊण तासात सर्व्हिस उरकतात: जाळी नळाखाली धरायची, कॉइलवर पाण्याचा फवारा, वरून सुवासिक स्प्रे, सही घ्या, चला. मी चाचांना म्हणालो, एक तास. ते म्हणाले, तीन. मी सव्वावर आलो. ते तीनवरच. मी दीड म्हणालो, ओरडलो, टेबलावर हात आपटला. चाचा म्हणाले, "दोन लिवा." मला वाटलं मी जिंकलो. पुढची सहा वर्षं ते कागदावर दोन तास लिहायचे आणि प्रत्येक एसीला तीन तास घ्यायचे. बोललो की म्हणायचे, "दोन तास काम, एक तास वाळवणं. वाळवणं कामात धरायचं ठरलंच न्हवतं."

त्यांची पद्धत ठरलेली होती. घरात शिरलं की आधी पाणी नको, चहा नको. खोलीचं दार लावून एसी चालू करायचा आणि खाली डोळे मिटून उभं राहायचं. कामाच्या दिवशी ते कच्चा कांदा खायचे नाहीत, आणि शुक्रवार सोडून अत्तर लावायचे नाहीत. "नाक हाच माझा मीटर हाय," म्हणायचे. मग निकाल यायचा. वासांना त्यांनी नावं दिली होती. एक ओल्या गोणपाटाचा, एक पावसात भिजलेल्या दप्तराचा, आणि एक, ज्याला ते नुसतं 'जुना' म्हणायचे. 'जुना' म्हटलं की समजायचं, बुरशी जाळीवर नाही, आत ब्लोअरच्या पात्यांवर बसलीय.

ब्लोअर म्हणजे एसीच्या पोटातला तो लांब गोल पंखा, जो हवा बाहेर फेकतो. बाकीचे त्याला हात लावत नाहीत, कारण तो काढायला अख्खी मशीन उघडावी लागते. चाचा तो काढायचेच. भिंतीला प्लॅस्टिक लावायचं, वीज बंद, तोंडाला रुमाल. ब्लोअर न्हाणीत न्यायचा आणि तान्ह्या लेकराला आंघोळ घालावी तसा मांडीवर आडवा धरून, साध्या साबणाच्या पाण्यानं, टूथब्रशानं एकेक पातं घासायचं. ब्रश जुनेच लागायचे. नवा ब्रश कडक, तो ओरखडे पाडतो, आणि ओरखड्यात बुरशी पुन्हा घर करते. ॲसिड तर नावालाही नाही. "ॲसिड कॉइलची पातळ पत्री खातंय शेठ, अन् बुरशी हसतीय." सगळं पाणी पांढऱ्या बादलीत जमा व्हायचं.

आणि शेवटी तो नियम. झाकण लावायच्या आधी घरमालकानं आत बघायचं. चाचांकडे दाढीचा छोटा आरसा होता. मालकाला स्टुलावर चढवायचं, एका हातात आरसा, एका हातात टॉर्च, आधी आत बघा, मग खाली बादलीत बघा. कुणी म्हणालं, "असू दे, तुमच्यावर विश्वास आहे," तर चाचा म्हणायचे, "माझ्यावर कावून ठिवता? डोळ्यावर ठिवा." एका मोठ्या साहेबांना त्यांनी बनियनवर स्टुलावर चढवलं होतं. स्टूल डुगडुगत होतं, बाई खालून लुंगी धरून उभ्या होत्या, आणि चाचा सांगत होते, "डावीकडं बघा साहेब, डावीकडं. तिकडं जास्त होतं."

एका नव्या जोडप्याच्या घरी तर आम्ही गेलो तेव्हा भांडण रंगात आलं होतं. खोलीत वास येतो. ती म्हणायची, ह्यांच्या मोज्यांचा. तो म्हणायचा, हिच्या केसांच्या तेलाचा. दोन महिने एकमेकांशी धड बोलणं नव्हतं. चाचांनी एसीखाली डोळे मिटले, मग गंभीरपणे दोरीवरचे मोजे हुंगले. "मोजे निर्दोष हायत," म्हणाले. तीन तासांनी त्यांनी दोघांच्या मध्ये ती बादली ठेवली. शाईसारखं पाणी. "हे घ्या तुमचं भांडण. मोरीत वता अन् दोघं मिळून बादली धुवून आणा." त्यांनी खरंच धुवून आणली.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एका लहान खोलीसाठी मी दोन टनाचा एसी विकला होता. गिऱ्हाइकाला मोठं हवं होतं, मला मोठं विकायचं होतं, दोघं खूश. तीन महिन्यांत वास. चाचांनी खोली पावलांनी मोजली आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणाले, "शेठनं तुमाला हत्ती दिला. हा पाच मिनटात गार करतो अन् झोपतो. हवेतलं पाणी काढायला ह्याला वेळच भेटत न्हाई. खोली गार अन् वली." मला तो एसी परत घ्यावा लागला. आठ दिवस मी चाचांशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्याच गिऱ्हाइकानं आणखी तीन गिऱ्हाइकं पाठवली, आणि मी बोलायला लागलो.

"पण चाचा," मी विचारलं होतं, "बीडात कसली दमट हवा? इथं उन्हाळ्यात ओठ फुटतात."

"भायेर सुकीच हाय. वली तुमी घरात करता."

खरं होतं. आमच्याकडे दिवसा कूलर लावतात, कारण बिल कमी येतं. आणि झोपताना एसी. त्याच खोलीत, त्याच बंद खिडक्यांत. दिवसभर कूलर भिंती, गाद्या, पडदे ओले करतो आणि नंतर एसी ते सगळं आत ओढून घेतो. "कूलर असंल तर खिडकी उघडी. एसी असंल तर खिडकी बंद," चाचा घरोघर सांगायचे. "दोघांचं एका खोलीत लगीन लावू नका." दुसरं सांगणं असं की एसी बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता पंखा चालवायचा, म्हणजे पोट वाळतं. हे ऐकून माझी निम्मी सर्व्हिस कमी झाली असती. झाली नाही, कारण लोक ऐकत नाहीत.

आता सरांकडे येतो.

सरांचे क्लास मोठे आहेत. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं आजूबाजूच्या चार तालुक्यांतून येतात. सर स्वतः फिजिक्स शिकवतात. खाली क्लास, वर घर. घरात त्यांची आई, शिरूर कासारकडच्या गावची. तिनं अर्धं आयुष्य ऊसतोडीला जाऊन आणि बाकीचं चुलीपुढे काढलं, छाती आधीच कमजोर. सरांनी तिच्या खोलीत एसी बसवला. माझ्याच दुकानातला. मुलगा म्हणून त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही.

आजीला खोकला लागला. औषधं झाली. डॉक्टर म्हणाले, खोलीतली ओल बघा. सरांनी मला फोन केला, मी चाचांना घेऊन गेलो.

चाचा एसीखाली उभे राहिले आणि लगेच डोळे उघडले. "जुना," म्हणाले. मशीन उघडली तर खालचा ट्रे काठोकाठ भरलेला, पाण्यावर साय धरल्यासारखा थर. पाणी बाहेर जायची नळी होती, तिला कुठे भोक नाही, कुठे कचरा नाही. चाचा नळीचा माग काढत खोलीलगतच्या गच्चीवर गेले. तिथे एक निळा ड्रम होता. नळीचं टोक पार ड्रमच्या तळाला, वर फडकं, फडक्याला सुतळी घट्ट आवळलेली.

आजी मागून आली. "भाऊ, ती नळी म्याच घातली. एवढं सोच्छ पाणी नुसतं वाया चाललं हुतं. म्या भांडी घासते त्याच्यात, फरशी पुसते. सांडू नये म्हून तळाला लावली. डास बसू नये म्हून बांधली."

आमच्याकडे ज्या बाईनं डोक्यावरून पाणी आणलंय, ती एसीतून थेंब थेंब गळणारं पाणी बघत बसूच शकत नाही. मला वाटलं आता चाचा तिला झापतील. चाचा खाली बसले, ड्रमला टेकून.

"माय, लई चांगलं केलं. फक्त एक झालंय. नळीचं टोक पाण्यात बुडालंय, म्हून आत हवा अडकलीय. ती निघंना म्हून पाणी जाईना. दोघं दारात अडकलेत, तू हो पुढं, तू हो पुढं."

आजी हसली, हसता हसता खोकली. चाचांनी पाण्याच्या बाटलीचा तळ कापला, ती उलटी करून नरसाळ्यासारखी ड्रमच्या तोंडावर बसवली, तिच्यावर जाळी लावली आणि नळी चार बोटं वरून सोडली. टप टप आवाज यायला लागला. आजी तो आवाज ऐकत उभी राहिली. "आता थेंब दिसतोय बी," म्हणाली.

मग तीन तास. ब्लोअर, कॉइल, ट्रे, सगळं. झाकण लावायच्या आधी चाचांनी सरांना बोलावलं. सर दारातूनच म्हणाले, "चाचा, माझी बॅच आहे. बघितल्यासारखंच आहे."

"सर, दोन मिनटं."

"मी फिजिक्स शिकवतो चाचा. मला एसी कसा चालतो ते माहीत आहे."

आजी म्हणाली, "भाऊ, मी बघते." चाचांनी तिला स्टुलावर चढवलं नाही. तिला पलंगावर बसवून आरसा असा धरला की तिला खालूनच आत दिसलं. ती म्हणाली, "आत तर चांदी लावल्यागत दिसतंय." चाचांनी झाकण लावलं. मालकानं न बघता त्यांनी झाकण लावल्याचं मी पाहिलं ते तेवढंच. निघताना सरांना दोनच गोष्टी सांगितल्या: पॅसेजमधला कूलर ह्या खोलीत सोडू नका, आणि नळीला हात लावू नका. सरांनी "बरं" म्हटलं आणि पैसे दिले.

महिनाभर आजी बरी होती. खोकला बसला. चाचा त्या बाजूला गेले की खालूनच विचारायचे, "माय, थेंब हाय का?" वरून आवाज यायचा, "हाय!"

पुढच्या महिन्यात तिचा दम वाढला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच दुपारी सरांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: अमुक मिस्त्रीनं एसीत ॲसिड मारलं, त्याच्या वाफेनं आईच्या छातीला त्रास झाला, ह्याला घरात घेऊ नका. सोबत चाचांचा फोटो, खिशाला टूथब्रश लावलेला. तो फोटो आजीनंच कौतुकानं काढायला लावला होता. चार तालुक्यांतले पालक त्या ग्रुपवर. दोन दिवसांत माझ्या दुकानाचा फोन थांबेना. "तो ॲसिडवाला नको."

चाचा दुकानात आले. भांडले नाहीत. मला विचारलं, "माय कशी हाय?"

"बरी आहे. घरी आणलंय."

"मी जाऊन बघू का?"

"आत्ता नका जाऊ."

त्यांनी पांढरी बादली माझ्या काउंटरवर उलटी ठेवली, आरसा तिच्यावर ठेवला आणि गेले.

इथे मला माझंही लिहायला पाहिजे. त्याच आठवड्यात सरांच्या नव्या होस्टेलचं उद्घाटन होतं. तिथले सगळे एसी माझे. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. सरांनी माईकवर तीच गोष्ट सांगितली, ॲसिडची, आणि म्हणाले, "म्हणून इथे सगळं काम माहितीच्या माणसाकडूनच." माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा राग जिल्ह्याला माहीत आहे, एका स्क्रूवरून मी कंपनीच्या माणसाची कॉलर धरलीय. त्या दिवशी मी खुर्चीतून उठलो नाही.

नंतर सरांनी आईच्या खोलीत नवा एसी मागवला. जुना मी बदल्यात घेतला, मी काहीच फुकट सोडत नाही. माझा माणूस मशीन घेऊन आला आणि सोबत गच्चीवरची नळीही, कारण ती सुटत नव्हती. नळीच्या टोकाकडे, ड्रमच्या जागी ठेवलेल्या एका मोठ्या कॅनचं झाकण होतं. नळी झाकणातून आरपार, तळापर्यंत जाईल एवढी लांब, आणि कडेनं सिलिकॉन भरून हवाबंद केलेली. माणसानं सांगितलं, सरांनी स्वतः बसवून घेतलं, ती कापलेली बाटली आल्यागेल्याला गबाळी दिसायची म्हणून. आजी नको म्हणत होती. आणि कूलर? "तो तर हायच की. दिवसा खोलीतच सोडत्यात."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मशीन स्वतः उघडली. ॲसिडनं पत्री पांढरी पडते, भुगा होते. इथे पत्री शाबूत होती, अजूनही चमकत होती. ट्रे काठोकाठ. आणि ब्लोअर काळा.

मी ते सगळं गाडीत टाकून चाचांकडे नेलं. ते आता जावयाच्या फळांच्या गाड्यावर बसतात. पपई हुंगून सांगतात, ही झाडाची, ही पावडरची, आणि जावई कपाळाला हात लावतो. मी ब्लोअर दाखवला, झाकण दाखवलं. चाचांनी झाकण हातात फिरवलं, सिलिकॉनवरून अंगठा फिरवला.

"काम साफ केलंय," म्हणाले. "हवा जायला केसाएवढी जागा न्हाई ठिवली."

"चाचा, हा पुरावा आहे. चला सरांकडे."

"मला कावून दाखवतो बे? मला म्हाईतच हाय. ज्याला म्हाईत न्हाई त्याला दाखव." मग पपई कापत: "त्या नव्या मशीनची नळी कुठं सोडलीय, ते बघितलं का तू?"

मी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो. नवा एसी, त्याच मापाचं नवं झाकण, तेच सिलिकॉन. मी खिशातला चाकू काढला आणि सरांना न विचारता नळी कापून मोकळी केली. आजी खिडकीतून बघत होती. थेंब पडायला लागला तेव्हा तिनं चाचांचं विचारलं, "भाऊ कावून येत न्हाईत आता?" ते उत्तर माझं द्यायचं नाही.

सर, ते तुमचं आहे. तो ब्लोअर माझ्या काउंटरवर चाचांच्या पांढऱ्या बादलीत ठेवलाय. मी तो धुतलेला नाही. शेजारी तुमचं झाकण आहे, आणि आरसाही आहे. मशीनचं झाकण मी अजून लावलेलं नाही, कारण मालकानं आत बघायचं राहिलंय. त्या दिवशी तुमची बॅच होती. आता या, हवं तर तुमची बॅच घेऊन या, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग ज्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्यात, त्याच ग्रुपवर तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर लिहा: भाऊ का येत नाहीत, आणि ती नळी त्या झाकणात कुणी बसवली?